सायप्रस : हमीदारांच्या बेटावर

सोमवार : लार्नाका, निकोसिया

सायप्रसची राजधानी निकोसिया. तिला विमानतळ आहे, पण १९७४च्या जुलैत तुर्की सैन्य बेटावर उतरलं तेव्हा तो बंद पडला आणि प्रवाशांसाठी पुन्हा उघडलाच नाही. तेव्हापासून बेटाचे दोन तुकडे आहेत : दक्षिणेत ग्रीक भाषक, उत्तरेत तुर्की भाषक. टर्मिनलची इमारत आणि एक मोडकं ट्रायडंट विमान संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या आवारात तसंच पडून आहे. त्यामुळे उतरायचं दक्षिण किनाऱ्यावरच्या लार्नाकाला आणि तिथून बसने राजधानी गाठायची. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात, भिंतीतले प्लग तीन पिनांचे. इंग्रज इथे राहून गेल्याचं पहिल्या तासाभरातच कळतं. अजून ते पुरते गेलेले नाहीत हे कळायला मला शुक्रवार उजाडावा लागला.

बेट लहान आहे. ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षाही कमी. पण नकाशावर त्याची जागा पाहिली की मोठ्यांची नजर त्याच्यावर का पडत आली ते समजतं. उत्तरेला तुर्कस्तानचा किनारा सुमारे ७० किलोमीटरवर, पूर्वेला सिरिया शंभरेक किलोमीटरवर आणि दक्षिणेला सुएझ कालव्याचं तोंड चारेकशे किलोमीटरवर. भूमध्य समुद्राच्या या कोपऱ्यात ज्याला आरमार ठेवायचं, त्याला हे बेट हवंच.

१८७८ साली ऑटोमन सुलतानाला रशियाची धास्ती होती. इंग्रजांनी त्याला संरक्षणाचं वचन दिलं आणि बदल्यात सायप्रसचा कारभार मागून घेतला. बसमध्ये हे वाचत असताना मला आपला वसईचा तह आठवला. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने होळकरांच्या भीतीने कंपनीची तैनाती फौज पदरात घेतली, आणि पुढच्या सोळा वर्षांत पेशवाई संपली. सुलतानाचंही तसंच झालं. बेट नावापुरतं त्याचं राहिलं आणि १९१४ साली महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूने उतरताच इंग्रजांनी ते सरळ खालसा केलं. मधल्या काळात सायप्रसच्या शेतकऱ्याने भरलेला कर ‘सुलतानाची खंडणी’ म्हणून वेगळा काढला जाई आणि क्रिमियन युद्धासाठी तुर्कांनी काढलेल्या कर्जाच्या फेडीला लावला जाई. रस्ते आणि शाळांना लागला असता तो पैसा लंडन-पॅरिसच्या सावकारांकडे जात होता.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर गेले. उत्तरेकडे पेंटाडाक्टिलॉस डोंगराची रांग आणि तिच्या उतारावर रंगवलेला उत्तरेतल्या तुर्की प्रशासनाचा प्रचंड झेंडा. अंधार पडला की त्यावर दिवे लागतात. दक्षिण निकोसियातल्या कुठल्याही गच्चीवरून, खिडकीतून तो दिसतो. ज्यांची घरं त्या डोंगरापलीकडे राहिली, त्यांना तो रोज रात्री पाहावा लागतो.

मंगळवार : निकोसिया, दोन्हीकडून

जुन्या शहराभोवती व्हेनिसवाल्यांनी १५६७ नंतर घाईघाईने बांधलेला गोल तट आहे, अकरा बुरुजांचा. तुर्क येणार म्हणून बांधला आणि १५७० साली तुर्कांनी तो सर केला. आज त्यातले पाच बुरूज दक्षिणेत, पाच उत्तरेत आणि एक मधल्या निर्लष्करी पट्ट्यात आहे.

लेड्रा स्ट्रीट ही दक्षिणेतली गजबजलेली बाजारपेठ. कपड्यांची दुकानं, आईस्क्रीम, पर्यटकांची गर्दी, आणि चालता चालता समोर पोलिसांची टपरी. पासपोर्ट दाखवायचा. मग थोडी मोकळी जागा : दोन्ही बाजूंना बंद दुकानं, टेकू दिलेल्या भिंती, कुंड्यांमधली झाडं. पुढे दुसरी टपरी, पुन्हा पासपोर्ट. तिथे यंत्रात नोंद होते, पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. पलीकडे तीच गल्ली पुढे चालू राहते, पण चलन युरोचं लिरा होतं, फोनचं नेटवर्क बदलतं आणि पाट्या तुर्की होतात. हा नाका २००८च्या एप्रिलमध्ये उघडला. त्याआधी, २००३च्या २३ एप्रिलला, लेड्रा पॅलेस हॉटेलजवळचा रस्ता पहिल्यांदा खुला झाला, तेव्हा एकोणतीस वर्षं न पाहिलेली आपापली घरं बघायला लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या होत्या.

ही रेषा १९७४ची असं बरेच जण धरून चालतात. निकोसियातली रेषा त्याहून जुनी आहे. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लोकसंख्येत ग्रीक सायप्रियट सुमारे ७७ टक्के आणि तुर्की सायप्रियट १८ टक्के होते. संसदेत आणि सरकारी नोकऱ्यांत ७०:३० वाटणी, राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, आणि दोघांनाही नकाराधिकार. ही घटना झुरिक आणि लंडनमध्ये ठरली. बेटावरच्या लोकांनी तिच्यावर मत दिलं नाही. तीन वर्षांत राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप माकारिओस यांनी तेरा दुरुस्त्या मांडल्या, आणि १९६३च्या डिसेंबरात कत्तली सुरू झाल्या. ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी हिरव्या पेन्सिलीने शहराच्या नकाशावर रेघ ओढली, म्हणून ती ‘ग्रीन लाइन’. पुढची दहा वर्षं हजारो तुर्की सायप्रियट बेटाच्या तीनेक टक्के जमिनीवर, कोंडलेल्या वस्त्यांमध्ये राहत होते.

उत्तरेत एका घराचं संग्रहालय केलंय. तुर्की सैन्यातल्या एका डॉक्टरचं घर. २४ डिसेंबर १९६३ला त्याची बायको आणि तीन मुलं न्हाणीघरात लपली होती, तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. टब तसाच ठेवला आहे. साधा, पांढरा, आपल्याकडे जुन्या बंगल्यांत असतो तसा. भिंतीवर फोटो. मी तिथे दोन मिनिटांपेक्षा जास्त उभी राहू शकले नाही.

दुपारी दक्षिणेत येऊन मध्यवर्ती तुरुंगातली ‘बंदिवान थडगी’ पाहिली. १९५५ ते ५९ या काळात ग्रीसमध्ये विलीन व्हायचं म्हणून ‘एओका’ संघटना इंग्रजांशी सशस्त्र लढली. तिच्यातल्या नऊ जणांना इथे फाशी दिलं. अंत्ययात्रेला गर्दी लोटेल म्हणून प्रेतं घरच्यांना न देता तुरुंगाच्या आवारातच पुरली. एकूण तेरा जण इथे पुरले आहेत, काही थडग्यांत तर जागेअभावी दोघं दोघं. फाशीचा तख्ता शेजारीच. फासावर गेलेला शेवटचा मुलगा एवागोरास पालिकारिदिस, अजून विशीतही आला नव्हता. चापेकर बंधूंच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच लढ्यात इंग्रजांनी पोलिसांत तुर्की सायप्रियटांची भरती वाढवली आणि त्यांना ग्रीक बंडखोरांसमोर उभं केलं. शेजारी शेजाऱ्याला वैरी समजू लागला तो तिथून.

दोन्हीकडची शाळेची मुलं आपापल्या बाजूचं संग्रहालय पाहतात. दक्षिणेतल्या कहाणीत १९६३ नाही आणि उत्तरेतल्या कहाणीत १९७४ म्हणजे निव्वळ सुटका. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहणं जड जातं, तरी मी म्हणेन पाहावीत.

या शहरातली मला सर्वांत मोलाची वाटलेली जागा पर्यटकांना सहज पाहता येत नाही. जुन्या विमानतळाच्या आवारात बेपत्ता व्यक्ती समितीची प्रयोगशाळा आहे. १९६३-६४ आणि १९७४ या दोन्ही काळांतले मिळून २,००२ जण अधिकृत यादीत बेपत्ता : १,५१० ग्रीक, ४९२ तुर्की सायप्रियट. विहिरी, शेतं, इमारतींचे पाये खणून हाडं आणली जातात आणि ग्रीक व तुर्की सायप्रियट शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसून ती जुळवतात. आतापर्यंत हजाराहून अधिक जणांची ओळख पटली आणि त्यांचे अवशेष घरच्यांना परत मिळाले. कुणाच्या हमीविना, कुणाच्या फौजेविना दोघांनी मिळून केलेलं हे काम आहे.

परतताना संसदेवरून आले. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव जवाहरलाल नेहरू मार्ग. माकारिओस आणि नेहरू १९६१च्या बेलग्रेड परिषदेत अलिप्ततावादी चळवळीचे साथीदार होते. २०२५च्या जूनमध्ये पंतप्रधान मोदी इथे येऊन गेले आणि ग्रीन लाइनपाशी उभे राहिले, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी सायप्रसचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने, मग आपण सायप्रसच्या बाजूने, असा सूर होता. मला तो पटत नाही. भारत सायप्रस प्रजासत्ताकालाच मान्यता देतो आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या कुणाला चिमटा काढायला या बेटाचा वापर करायचा, हेच तर गेली दीडशे वर्षं सगळे करत आले.

बुधवार : कायरेनिया

उत्तर किनाऱ्यावरचं कायरेनिया, तुर्कीत गिर्ने. घोड्याच्या नालासारखं बंदर, किल्ला, मासळीची खानावळ, वर डोंगरात सेंट हिलारियनचा पडका गड. सगळं सुंदर आहे आणि त्याची वर्णनं भरपूर मिळतील. मी गेले होते गावाच्या पश्चिमेच्या एका साध्या पुळणीसाठी.

१५ जुलै १९७४ला अथेन्सच्या लष्करशहांनी सायप्रसच्या नॅशनल गार्डमधल्या आपल्या अधिकाऱ्यांकरवी माकारिओसना उलथवलं आणि निकोस सॅम्पसन नावाच्या बंदूकबाजाला गादीवर बसवलं. पाचव्या दिवशी, २० जुलैला, तुर्की सैन्य याच पुळणीवर उतरलं. आज तिथे स्मारक आणि संग्रहालय आहे.

सायप्रसचं स्वातंत्र्य आणि घटना टिकवण्याच्या १९६०च्या हमीच्या करारावर हमीदार म्हणून ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या सह्या. चौथ्या कलमानुसार, तिघांना मिळून काही करता आलं नाही तर प्रत्येकाला एकट्याने पाऊल उचलण्याचा हक्क. मात्र फक्त करारातली स्थिती पुन्हा आणण्यासाठी. ग्रीसने ती स्थिती मोडली. तुर्कस्तानने कलमाचा आधार घेतला. पंतप्रधान एजेवित आधी लंडनला जाऊन ‘आपण मिळून करू’ म्हणाले होते, इंग्रजांनी नकार दिला. पण आठवड्याभरात अथेन्सची लष्करशाही कोसळली, सॅम्पसनही गेला. कलमाचं काम तिथे संपलं होतं. तरी १४ ऑगस्टला दुसरी चढाई झाली आणि बेटाचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग तुर्की सैन्याखाली गेला. पहिल्या चढाईबद्दल माणूस दोन बाजूंनी बोलू शकतो. दुसरीचं समर्थन मला कुठेच सापडलं नाही. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले, पुढच्या वर्षभरात चाळीसेक हजार तुर्की सायप्रियट उत्तरेला आले.

अमेरिका काय करत होती? ग्रीस आणि तुर्कस्तान दोघेही १९५२पासून नाटोत. वॉशिंग्टनला काळजी होती ती त्या दोघांत युद्ध होऊन नाटोचा आग्नेय कोपरा फाटेल याची. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी खरमरीत पत्र लिहून तुर्कस्तानला रोखलं होतं. १९७४ साली तसं पत्र गेलं नाही. सोव्हिएत संघाला बेट नाटोच्या हाती पडायला नको होतं, पण दोन नाटो देश आपसांत झुंजत असतील तर त्याची तक्रार नव्हती. सायप्रसचं काय होईल, हा प्रश्न या हिशेबात कुठेच नव्हता.

१९८३ साली उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. तुर्कस्तानखेरीज कुणीही त्याला मानत नाही, आणि त्यामुळे त्याचं सगळं तुर्कस्तानवर अवलंबून आहे. २०१५पासून पिण्याचं पाणीसुद्धा अनामूरहून समुद्राखालच्या नळातून येतं. चहा देणाऱ्या म्हाताऱ्या हॉटेलवाल्याला मी विचारलं, पाणी चांगलं आहे का? म्हणाला, “पाणी चांगलं आहे. तोटी त्यांच्या हातात आहे.”

गुरुवार : फामागुस्ता आणि वारोशा

फामागुस्ताच्या तटाआत सेंट निकोलसचं गॉथिक कॅथेड्रल आहे, १५७१पासून मशीद. त्या वेढ्यात व्हेनिसचा सेनापती ब्रागादिन शरण आल्यावर त्याची कातडी सोलली होती. समोरचं उंबराच्या जातीचं झाड कॅथेड्रलइतकंच जुनं असल्याचं सांगतात. मी तिथे फार थांबले नाही.

तटाबाहेर दक्षिणेला वारोशा. १९७४पूर्वी हे बेटावरचं सर्वांत श्रीमंत पर्यटनस्थळ होतं. एलिझाबेथ टेलर इथे उतरायची. ऑगस्टमध्ये तुर्की रणगाडे येताहेत म्हणून सुमारे चाळीस हजार माणसं दोन-चार दिवसांत परतू या हिशेबाने घराबाहेर पडली. सैन्याने कुंपण घातलं आणि शहर बंद केलं. कुणाला राहायलाही दिलं नाही. वाटाघाटीत पुढे करायचं प्यादं म्हणून आख्खं शहर राखून ठेवलं. १९८४ साली सुरक्षा परिषदेने ५५०व्या ठरावात बजावलं की मूळ रहिवाशांखेरीज कुणालाही इथे वसवता येणार नाही.

२०२०च्या ८ ऑक्टोबरला उत्तरेच्या प्रशासनाने त्यातला काही भाग फिरायला उघडला. आज नाक्यातून आत गेलं की भाड्याच्या सायकली मिळतात. डांबरी रस्ता नवाकोरा, त्यावर रंगवलेली सायकलमार्गिका, आणि दोन्ही कडेला दोरीपलीकडे मोडलेलं शहर. दुकानांवरची ग्रीक अक्षरं, बँकेची पाटी. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीचा कठडा गंजून खाली लोंबतो आहे आणि न्हाणीघराच्या निळ्या फरशा रस्त्यावरून दिसताहेत. तळमजल्यावरून उगवलेला निवडुंग दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलाय. केनेडी मार्गावरची बहुमजली हॉटेलं समुद्राकडे तोंड करून उभी, एकालाही काच नाही. त्यांच्याच पायथ्याशी वाळूत छत्र्या लावल्या आहेत आणि लोक पोहत आहेत.

एका घरासमोर पन्नाशीच्या पुढची बाई मोबाईल उंच धरून उभी होती. व्हिडिओ कॉल चालू होता, पलीकडून एक म्हातारा आवाज सूचना देत होता. मी नजर वळवून पुढे निघाले तर तिने हाक मारली आणि इंग्रजीत म्हणाली, “आईला लिंबाचं झाड आहे का बघायचंय. आत जाऊ देत नाहीत. तू उंच आहेस, त्या भिंतीवरून दिसतं का बघ.” मी टाचा उंचावून पाहिलं. झुडपांचं रान होतं, त्यात लिंबू ओळखू येईना. तसं सांगितलं. तिने ते ग्रीकमध्ये आईला सांगितलं, आणि आईने बहुधा झाडाची नेमकी जागा पुन्हा समजावली, कारण ती मला डावीकडे बघायला सांगू लागली. एवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

सायकल परत करताना मला संताप आवरत नव्हता. घर पडतं, लुटलं जातं, दुसऱ्याला दिलं जातं, हे जगात सगळीकडे होतं. पण घर मोकळं ठेवून मालकाला कुंपणापलीकडून पन्नास वर्षं ते सडताना दाखवायचं आणि मग तिकडे सायकली भाड्याने द्यायच्या, हे मी आणखी कुठे पाहिलेलं नाही.

शुक्रवार : लिमासोल, आक्रोतिरी

लिमासोल हे जहाजवाल्यांचं गाव. जहाजांचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या इथे भरपूर आणि त्यात भारतीयही बरेच. माझा मावसभाऊ त्यांतलाच. वर्षानुवर्षं बोटीवर चीफ इंजिनीअर होता, आता किनाऱ्यावरच्या कचेरीत आहे. दादाने ताटात तळलेलं हलुमी (इथलं चीज) आणि शेजारी घरची लसणाची चटणी वाढली आणि त्याच्या धंद्यातलं राजकारण सांगायला बसला.

“अगं, सायप्रसचा झेंडा लावलेली बोट तुर्कस्तानच्या बंदरात घेतच नाहीत,” तो म्हणाला. “त्यामुळे मालक झेंडा निवडताना आधी विचारतो, तुर्की माल उचलायचाय का? तो असेल तर माल्टा, लायबेरिया, काहीही चालेल.” युरोपातल्या मोठ्या व्यापारी ताफ्यांत सायप्रसची गणना होते, तरी शेजारचं दार बंद.

किनाऱ्यावर उंच काचेचे मनोरे आहेत. रशियन भाषेच्या पाट्या इतक्या की लोक गावाला ‘लिमासोलग्राद’ म्हणत. सोव्हिएत संघ गेल्यावर रशियन पैसा इथल्या बँकांत आला. २०१३ साली बँका बुडायला आल्या तेव्हा बँक ऑफ सायप्रसमधल्या एक लाख युरोवरच्या विमाछत्र नसलेल्या ठेवींचे ४७.५ टक्के कापून शेअरमध्ये बदलले. गुंतवणुकीच्या बदल्यात पासपोर्ट देण्याची योजना बदनाम होऊन २०२०मध्ये बंद झाली. त्याआधी १९९७ साली सायप्रसने रशियाकडून एस-३०० क्षेपणास्त्रं मागवली होती. तुर्कस्तानने हल्ल्याची धमकी दिली आणि शेवटी ती ग्रीसच्या क्रीट बेटावर ठेवावी लागली. आता वारं उलट फिरलं आहे. १९८७पासूनची शस्त्रबंदी अमेरिकेने उठवत आणली, आणि समुद्रतळाशी नैसर्गिक वायू सापडल्यापासून इटालियन, फ्रेंच, अमेरिकी कंपन्या आल्या. २०१८ साली एका इटालियन कंपनीचं खोदकामाचं जहाज तुर्की युद्धनौकांनी अडवून परत पाठवलं होतं.

दुपारी दादा मला लेडीज माइलच्या पुळणीवर घेऊन गेला. वाटेत नाका नाही, पासपोर्ट नाही, आणि तरी आपण सायप्रसमधून बाहेर पडलेलो असतो. ही ब्रिटनची सार्वभौम जमीन. आक्रोतिरी आणि ढेकेलिया हे दोन तळ मिळून २५४ चौरस किलोमीटर, बेटाचे सुमारे तीन टक्के, स्वातंत्र्याच्या कागदावरच इंग्रजांनी काढून घेतले. भाडेपट्टा नाही, मुदत नाही. २०२४च्या जानेवारीत येमेनवर बॉम्ब टाकायला टायफून विमानं इथूनच उडाली. निर्णय लंडनचा, त्याचं उत्तर आलं तर ते पडणार सायप्रसवर. सुएझ गेला, साम्राज्य गेलं, पण ही जागा त्यांनी सोडलेली नाही. बेटाच्या फाळणीत तिन्ही हमीदारांपैकी काहीच न गमावलेला एकच आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

शनिवार : पिला आणि परत लार्नाका

ढेकेलियाला लागून, निर्लष्करी पट्ट्यात पिला नावाचं गाव आहे. ग्रीक आणि तुर्की सायप्रियट आजही इथे एकत्र राहतात. चौकात एका बाजूला ग्रीकांचं कॉफीघर, दुसऱ्या बाजूला तुर्कांचं, आणि वर संयुक्त राष्ट्रांची चौकी. मी दोन्हीकडे कॉफी घेतली. २०२३च्या ऑगस्टमध्ये उत्तरेने इथवर रस्ता करायला घेतला, शांतिसैनिक आडवे आले आणि त्यांना मारहाण झाली. ग्रीक कॉफीघरातला माणूस म्हणाला, रस्ता झाला की मागून सैन्य येईल. तुर्की कॉफीघरातला म्हणाला, मला उत्तरेतल्या माझ्या लोकांकडे जायला वळसा घालून इंग्रजांच्या नाक्यातून जावं लागतं. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटलं.

लार्नाकात एक रस्ता जनरल थिमय्या यांच्या नावाचा आहे. १९६४ साली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तिचे पहिले सेनापती आपले जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर थिमय्या, आपले माजी लष्करप्रमुख. १८ डिसेंबर १९६५ला ते सायप्रसमध्येच वारले. पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. १९७४ साली त्या जागी जनरल प्रेमचंद होते. निकोसियाच्या विमानतळासाठी लढाई पेटत असताना संयुक्त राष्ट्रांनी तो आपल्या संरक्षणाखाली घेतला, म्हणून तो आजही कुणाच्याच हाती नाही. बाहेरून आलेल्या फौजांपैकी ज्यांनी बेटाकडे काही मागितलं नाही, त्यांत ही माणसं होती.

पुढे काय? २००४ साली कोफी अन्नान यांची एकीकरणाची योजना मतदानाला आली. ६५ टक्के तुर्की सायप्रियटांनी होकार दिला, ७६ टक्के ग्रीक सायप्रियटांनी नकार. आठवड्याभरात सायप्रस एकीकरणाविनाच युरोपीय संघाचा सदस्य झाला आणि दक्षिणेला तडजोडीची निकड उरली नाही. २०१७ साली स्वित्झर्लंडच्या क्रान्स-मोंटानात पुन्हा बैठक बसली. तिथे मुख्य गाडं अडलं ते हमीच्या करारावर आणि तुर्की सैन्यावर : तो करार राहायचा की नाही, सैन्य कधी जायचं. माझ्या मते दोन्हीकडच्या लोकांनी आधी ही हमी मोडीत काढण्यावर एकमत करावं; तुर्की सायप्रियटांना १९६३ पुन्हा होणार नाही याची खात्री युरोपीय कायदा आणि संयुक्त राष्ट्रं देऊ शकतील, अंकारा नव्हे. हे बोलायला सोपं आणि त्या टबासमोर उभं राहून बोलायला अवघड आहे, याची मला जाणीव आहे.

कुणाला जायचं असेल तर : उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरू नका, दक्षिणेचं सरकार तो प्रवेश बेकायदा धरतं. लार्नाका किंवा पाफोसला उतरा. दक्षिणेत भाड्याने घेतलेल्या गाडीचा विमा उत्तरेत चालत नाही, नाक्यावर वेगळा काढावा लागतो, आणि गाडी पलीकडे नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या. पिलाला जायला लार्नाकाहून अर्धा तास पुरतो. तिथलं कॉफीघर सकाळी लवकर गाठा, गावातली म्हातारी माणसं तेव्हाच भेटतात आणि मोकळेपणाने बोलतात.